दसऱ्याचा विमा

“इन्शुरन्समधूनच करायचं ना, वहिनी?” गाडीला एक फेरी मारून झाल्यावर इलाही मिस्त्रीनं विचारलं.

अशा वेळी आमच्या घरात जे उत्तर द्यायची पद्धत होती, तेच मी दिलं. म्हटलं, “नको. आमचे जावईच एजंट आहेत.”

मिस्त्रीनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. “मग तर सोपंच झालं की.”

“तसं नाही हो. जावयाला काम कसं सांगायचं?”

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मागं कपडे वाळत घालणारी त्याची बायको, हमीदाभाभी, तोंडाला ओली ओढणी लावून हसली.

हसण्यासारखं होतंच. माझ्या गाडीचं बॉनेट भाजलेल्या पापडासारखं वाकडं झालं होतं, बंपरचे दोन तुकडे झाले होते आणि डावा दिवा वायरीला लोंबत होता. मी सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले होते. मलकापूरच्या वळणावर पुढची विटांची ट्रॉली अचानक मागं यायला लागली. मी हॉर्न वाजवत राहिले, ट्रॉली येत राहिली. अण्णा एसटीत कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे ते शेवटपर्यंत शांत होते. धडकल्यावर एवढंच म्हणाले, “चूक त्याची हाय. तू लेनमधीच हुतीस.” ट्रॅक्टरवाला उतरून आला तर तो अण्णांच्याच डेपोतला जुना वॉचमन निघाला. दोघांनी एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि अण्णांनी त्याला जाऊ दिलं.

आता जावयाचं सांगते. आमची ही पांढरी गाडी दसऱ्याला घेतलेली. त्याच सुमाराला आमच्या वन्संचे यजमान सुधाकरराव विट्याला विम्याची एजन्सी करू लागले होते. अण्णांनी फर्मान काढलं, पहिली पॉलिसी पाव्हण्यांचीच. तेव्हापासून दर दसऱ्याला वन्सं आणि सुधाकरराव नवी पॉलिसी घेऊन आमच्याकडे कऱ्हाडला यायचे. मी बासुंदी करायची. जावयाला पाट, पाटाभोवती रांगोळी, जेवण झाल्यावर टॉवेल-टोपी. पॉलिसीचा कागद देवापुढे ठेवायचा. त्यात काय छापलंय ते घरात कुणी वाचलं नव्हतं, पण हळदकुंकू मात्र दर वर्षी वाहिलं होतं. लोकांच्या घरात विमा हा खर्च असतो, आमच्याकडे तो सण होता.

आणि सणाला आलेल्या माणसाला कुणी काम सांगत नाही. त्यामुळे एकदा बैलगाडीनं दार खरवडलं, एकदा आरसा तुटला, एकदा पोरांच्या चेंडूनं मागची काच गेली, तरी दर वेळी आम्ही गुपचूप पदरचे पैसे घालून दुरुस्ती केली. दार खरवडलं तेव्हा तर दसरा तोंडावर आलेला. अण्णांनी गाडी अशी भिंतीला चिकटवून लावायला लावली की ओरखड्याची बाजू जावयाला दिसू नये. “दिसलं तर त्यास्नी करावं लागंल,” ते म्हणाले. “आपण त्यास्नी लेक दिलीय. आपली लफडी कशाला द्यायची?”

म्हणजे विमा होता, हप्ता होता, एजंट घरचा होता. नव्हता तो फक्त क्लेम.

पण ह्या खेपेचं नुकसान भिंतीला चिकटवून लपण्यासारखं नव्हतं. माझे यजमान कारखान्याच्या ऑफिसात होते. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, तू आणि अण्णा ठरवा. हे आमचं नेहमीचं. ह्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून ते कुणाला हो सुद्धा म्हणत नाहीत. अण्णांना विचारलं असतं तर उत्तर ठाऊक होतं. म्हणून मी कुणालाच न विचारता मिस्त्रीच्या गॅरेजमधूनच विट्याला फोन लावला.

सुधाकररावांना सगळं सांगितलं.

“वहिनी,” ते म्हणाले, “तुम्ही हे मला करायला सांगताय?”

“हो. तुम्हालाच.”

“मी बघतो. तुम्ही काही काळजी करू नका.”

त्यांचा आवाज जरा निराळा लागला. मी मनात म्हटलं, अण्णांचंच खरं, माणूस अडचणीत पडला.

गॅरेजच्या मागच्या अंगणात एक निळी गाडी उभी होती. तिच्यावर कारल्याचा वेल चढला होता, टपावर पिवळी फुलं आली होती. मी विचारलं, ही कुणाची? मिस्त्रीनं मालकाचं नाव सांगितलं आणि विम्याच्या कंपनीचंही. कंपनी आमचीच होती.

“ह्या कंपनीची गाडी आली की मी आळं करून बी टाकून ठेवते,” हमीदाभाभी सहज म्हणाली. “क्लेम पास होऊन गाडी जाईस्तोवर दोन तोडे निघतात.”

तिनं माझ्या गाडीजवळही आळं केलं.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. कंपनीचा माणूस एकदा येऊन फोटो काढून गेला. मग म्हणे एक कागद कमी पडला, तो दिला तर दुसरा कमी पडला. मी विट्याला फोन केला की सुधाकरराव म्हणायचे, होतंय वहिनी, चालू आहे. आषाढात वेल बॉनेटवर चढला. हमीदाभाभीनं मला पहिल्या तोड्यातली पावशेर कारली दिली. आमच्याच गाडीवर लागलेली म्हणून मी पैसे विचारले नाहीत आणि तिनं मागितले नाहीत. गूळ घालून भाजी केली. अण्णा दोनदा मागून घेऊन जेवले. कारली कुठली ते मी सांगितलं नाही.

ह्या सगळ्यात अण्णांचे डोळे थांबणार नव्हते. त्यांना दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला मिरजेला जावं लागे. गाडी नाही म्हणून आम्ही एसटीनं जायला लागलो. अण्णांना एसटीचं काय कौतुक, सगळा जन्म त्यातच गेला. कंडक्टर ओळख काढून जागा देत, अण्णा त्यांना गाडी किती मिनिटं लेट आहे ते सुनावत. पण येताना डोळ्यावर पट्टी असे. दुसऱ्या खेपेला उतरताना त्यांना शेवटची पायरी दिसली नाही. गुडघ्यावर पडले. चारचौघांनी उचललं. स्वतःच्याच स्टँडवर, जिथं उभं राहून त्यांनी पंचवीस वर्षं गाड्या सोडल्या, तिथं लोक त्यांना धरून बाकापर्यंत नेत होते आणि ते सगळ्यांना काही झालं नाही, काही झालं नाही म्हणत होते. त्यानंतर ते तिसऱ्या इंजेक्शनला जायचं टाळायला लागले. आज पाऊस आहे, आज अमावस्या आहे.

तेव्हाच मी ठरवलं की गाडी पुन्हा अशी वेलाखाली उभी राहता कामा नये. येत्या दसऱ्याला कंपनी बदलायची.

ठरवणं सोपं होतं. कंपनी बदलायची म्हणजे जावयाच्या तोंडावर सांगायचं, तुमच्याकडून नको. वन्सं वर्षातून माहेरी यायच्या त्या दिवाळीला आणि दसऱ्याला. त्यातला दसरा तर ह्या पॉलिसीच्याच पायानं येत होता. नवऱ्याचा असा अपमान झाल्यावर बाई माहेरी येते, पण पायरीवर चप्पल काढताना तिचं मन मागं राहतं. मी स्वतः तशा माहेराला जाऊन आलेली आहे, त्यामुळे मला ते वन्संच्या वाट्याला आणायचं नव्हतं. एकीकडे अण्णांचे डोळे, एकीकडे वन्संचं माहेर, आणि मधे मी, बॉनेट वाकडं झालेली गाडी घेऊन.

श्रावणात मिस्त्रीचा फोन आला. क्लेम पास झाला होता. पाव्हणे स्वतः गॅरेजला येऊन कंपनीचे पैसे म्हणून सगळा हिशेब चुकता करून गेले होते. “एक पै कापली नाही, वहिनी,” मिस्त्री म्हणाला. त्यालाही नवल वाटलं होतं. हमीदाभाभीनं वेल काढताना जरा हळहळ केली, आणि आमची गाडी नव्यासारखी होऊन घरी आली.

घरात सगळे खूश. अण्णांनी दोन दिवस पाव्हण्यांचं कौतुक केलं. पण माझ्या डोळ्यांपुढून ती पायरी जात नव्हती. मी चौकशीला लागले.

माझी शाळा दहावीला सुटली. पुढचं सगळं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि लायब्ररीतल्या फाटक्या पुस्तकांवर शिकले. इन्शुरन्सही तसाच शिकायला बसले. तीन कंपन्यांची पत्रकं आणली. तिन्हीवर तेच हसरं कुटुंब, तोच डोंगर, फक्त गाडीचा रंग वेगळा. प्रत्येकीचा हप्ता थोडा इकडेतिकडे, आणि प्रत्येक कंपनी तुमच्यासाठी रात्रंदिवस जागी. वाचून वाचून एवढं कळलं की ह्यातून काही कळायचं नाही.

मग लक्षात आलं की ही कला तर आपल्याला येते. स्थळाची चौकशी करताना आपण मुलाच्या घरी जाऊन, तुमचा मुलगा कसा आहे, असं विचारतो का? ज्यांनी त्या घरात आधी लेक दिलीय त्यांना विचारतो. तसं मी ज्यांच्या गाड्या कधी ना कधी ठोकल्या होत्या अशा बायका हुडकून काढल्या. कऱ्हाडात त्या काही कमी नव्हत्या.

पोस्टातल्या सावंतबाईंची गाडी पहिल्या कंपनीकडे होती. त्या म्हणाल्या, बोलायला फार गोड, पण फोन उचलला तर ना. दुसऱ्या कंपनीचं ऑफिस साताऱ्याला, म्हणजे प्रत्येक गोष्टीला सातारा. तिसऱ्या कंपनीबद्दल औषधांच्या दुकानातल्या मीनलताईंनी सांगितलं. त्यांच्या गाडीला मागून टेंपोनं ठोकलं होतं. दुसऱ्या दिवशी माणूस बघून गेला, पुढच्या आठवड्यात गाडी दारात.

“पैसे सगळे दिले?” मी विचारलं.

“पत्र्याचे दिले. बंपरचे निम्मे. प्लॅस्टिक ना तो. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकचे सगळेच निम्मे देतात, त्यात त्यांचा दोष नाही.” मीनलताई गिऱ्हाइकाची गोळ्यांची पट्टी कापता कापता म्हणाल्या, “आणि क्लेम घेतला की पुढच्या वर्षीची सूट गेली. क्लेम न घेणाऱ्यालाच ती मिळते. हे मात्र आधी कुणी सांगत नाही.”

मी जरा अभिमानानं म्हटलं, आमच्या कंपनीनं तर बंपरसकट सगळं दिलं, एक पैही न कापता.

मीनलताईंनी कात्री थांबवून माझ्याकडे बघितलं. एखादीनं आपली सासू आपल्याला कधी एका शब्दानं बोलली नाही असं सांगितलं की बायका बघतात, तसं.

घरी येऊन मी मनाशी मांडून बघितलं तर सगळं उलटंच झालं होतं. उशीर लावण्यात आमची कंपनी सगळ्यांत वाईट आणि पैसे देण्यात सगळ्यांत चांगली. इतकी चांगली की तशी दुसरी नव्हतीच. मी त्याचा अर्थ असा लावला की सुधाकररावांचा तिथं शब्द चालतो. म्हणजे ज्या माणसानं आपला शब्द खर्च करून आमचं काम केलं, त्यालाच मी नको म्हणणार होते. त्या विचारानं माझं जेवण निम्म्यावर आलं. पण अण्णा भिंतीला हात लावून न्हाणीकडे जाताना दिसले, की पुन्हा मीनलताईंची कंपनी आठवे. ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, “तूच बोल. मी तिथंच असेन.”

दसऱ्याला दोघं आले. दसऱ्याला ती मुक्कामाला असत. पॉलिसीची मुदत संपायला दोन-चार दिवस होते, ती सुधाकरराव दर वर्षी इथं बसूनच पुढच्या वर्षाची करून देत. मी सकाळपासून ते एक वाक्य घोळवत होते. बासुंदी ढवळताना ते सौम्य व्हायचं, पोळ्या लाटताना कडक व्हायचं.

पंगत बसली. सुधाकरराव पाटावर, शेजारी अण्णा, समोर हे. मी पोळी वाढत होते, वन्सं बासुंदी. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “काय पाव्हणं, आपली गाडी काय म्हणतीया?”

सुधाकररावांनी दर वर्षीचंच उत्तर दिलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं ते त्यांच्या तोंडून आपोआप निघालं असणार. “तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही, अण्णा. घेतल्यापासून एकही क्लेम नाही. निम्मी सूट यंदाही कायम.”

अण्णाही सवयीनंच समाधानानं मान हलवून म्हणाले, “आपण कधी कुणाला तरास देत न्हाई.” ह्यांनीही मान हलवली.

वन्संच्या हातातला डाव बासुंदीच्या पातेल्यात तसाच थांबला. मी पोळी हातात धरून उभी राहिले. क्लेम घेतला की सूट जाते. आमची सूट कायम होती. म्हणजे आमच्या नावावर कंपनीनं काही दिलंच नव्हतं. आणि मिस्त्रीला तर सगळे पैसे मिळाले होते, प्लॅस्टिकच्या बंपरसकट.

सुधाकररावांनी मान वर केली. आपण काय बोलून गेलो ते त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईनं मीठ मागितलं. मीठ त्यांच्या ताटातच होतं.

स्वयंपाकघरात आल्यावर मी वन्संकडे बघितलं. त्या पाठमोऱ्या होऊन पातेलं खरवडत होत्या. “मला विचारू नका, वहिनी,” त्या म्हणाल्या. “शपथ घातलीय मला.” पातेल्यात खरवडण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी त्या खरवडत होत्या.

दुपार कलल्यावर गाडीची पूजा. अंगणात गाडी धुऊन लावली होती. ह्या वेळी कुठलीच बाजू भिंतीला नव्हती. सुधाकरराव एकटेच पुढं उभं राहून झेंडूची माळ बांधत होते. मी पूजेचं तबक घेऊन गेले. खोलीच्या खिडकीशी अण्णा खाटेवर आडवे होते.

“सुधाकरराव,” मी म्हटलं, “बंपर प्लॅस्टिकचा असतो.”

“असतो.” ते गाठ मारत राहिले.

“प्लॅस्टिकचे पैसे कुठलीच कंपनी सगळे देत नाही.”

त्यांनी माळ सोडून दिली. मग म्हणाले, “वहिनी, तुम्ही एजंट व्हायला पाहिजे होतं.”

“कधी नाकारला त्यांनी?”

“नाकारलाही नाही. नुसता अडवून ठेवला. हा कागद आणा, तो कागद आणा. इकडं अण्णा पडल्याचं हिच्याकडून कळलं. मग मीच तो अर्ज मागं घेतला आणि मिस्त्रीकडं गेलो.”

“आम्हाला सांगायचं होतंत. आजवर आम्ही घातलेच होते की पदरचे.”

“ते मला माहीत आहे.” त्यांनी हसायचा प्रयत्न केला. “ती बैलगाडीनं खरवडलेली बाजू. तुम्ही गाडी भिंतीला लावली होती ना? मी हात धुवायला मागं गेलो होतो, तिथून दिसत होतं सगळं. मी दिवसभर वाट बघितली, आता कुणीतरी म्हणेल, सुधाकर, एवढं जरा बघ. संध्याकाळी टॉवेल-टोपी घेऊन परत गेलो.”

मी तबकातलं निरांजन वाऱ्यानं विझू नये म्हणून हात आडवा धरला. काहीतरी करायला हवं होतं.

“मी बोर्डिंगात वाढलो, वहिनी. आईवडील आठवत नाहीत. बोर्डिंगात पाहुणा आला की त्याला खुर्ची द्यायचे, आणि आपल्याला म्हणायचे, पाणी भर, झाडलोट कर. मला तेव्हा पाहुण्याचा हेवा वाटायचा. ह्या घरात येऊन वीस वर्षं झाली, पाटावरून कधी कुणी उठवलं नाही. उन्हाळ्यात तुमचा फोन आला. पहिलं काम सांगितलंत. ते मला जमलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू?”

माझं ते घोळवून ठेवलेलं वाक्य आता कुठल्याच रूपात उपयोगाचं नव्हतं. पण ते बोलायचं तर होतंच.

“यंदा विमा दुसऱ्या कंपनीचा काढायचा म्हणतेय मी,” मी म्हटलं.

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा पडेल. त्यांनी नुसतं विचारलं, “कुठल्या?” मी नाव सांगितलं. मीनलताईंची गाडी, आठवड्यात दारात, सगळं सांगितलं. ते ऐकत गेले तसे त्यांच्या कपाळावरच्या आठ्या धंद्याच्या होत गेल्या.

“चांगली आहे,” ते म्हणाले. “पण तुमची गाडी महिन्यातून एकदा मिरजेला जाते. मिरजेत त्यांचं गॅरेज आहे का? तिथं बंद पडली तर ओढून कोण आणणार?”

“ते मी विचारलं नाही.”

“मग काय विचारलंत, वहिनी? आणि थोडा जास्त हप्ता घेऊन प्लॅस्टिकचे पूर्ण पैसे देणारी पॉलिसी असते, ती त्यांच्याकडे किती वर्षं जुन्या गाडीला देतात?”

“तेही नाही विचारलं.”

“असं कसं चालेल?”

“म्हणूनच तुम्ही उद्या माझ्याबरोबर चला,” मी म्हटलं. “सकाळी दहाला त्यांचं ऑफिस उघडतं.”

“मी त्यांचा एजंट नाही.”

“मला एजंट नकोच आहे. घरचं कुणीतरी बरोबर पाहिजे.”

त्यांनी पुन्हा माळ हातात घेतली. बराच वेळ त्यांना गाठ सापडेना. मग विचारलं, “दहाला ना?”

“दहाला. आणि तुमचे ते पैसे...”

“त्याचं नाव काढलंत तर मी येणार नाही.”

मी नाव काढलं नाही. पुढं भाऊबीजेला ह्यांनी वन्संच्या तबकात ओवाळणी घातली, ती मिस्त्रीच्या हिशेबाबरहुकूम होती. बहिणीच्या ओवाळणीत जावयाला बोलता येत नाही. आमच्या पद्धतींचा असाही उपयोग होतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसातल्या बिचाऱ्या मुलीला सुधाकररावांनी जे प्रश्न विचारले, तेवढे मी माझ्या लेकीच्या लग्नाच्या वेळी सुद्धा पुढं कुणाला विचारले नाहीत. मिरजेत गॅरेज होतं. प्लॅस्टिकची पॉलिसी आमच्या गाडीच्या वयाला मिळत नव्हती. माणूस कधी बघायला येणार, नाही आला तर कुणाला फोन करायचा, तो साहेब जेवायला किती वाजता जातो, सगळं विचारून झालं. तिनं शेवटी पाणी मागवून आम्हाला दिलं आणि स्वतःही प्याली. पॉलिसी झाली. येताना सुधाकररावांनी मंडईत गाडी थांबवायला लावली, नारळ स्वतः वाजवून घेतले आणि पिशवी त्यांनीच धरली.

अण्णा ओसरीवर बसले होते. जावई हातात पिशवी घेऊन सुनेच्या मागून आत आलेले त्यांनी बघितले. त्यांना तेवढं दिसायचं अजून. मी रांगोळीचा डबा काढला नाही. म्हटलं, “सुधाकरराव, पाट राहू द्या. आधी दोन नारळ फोडून खोवून द्या. चटणीला उशीर होतोय.”

“सूनबाई,” अण्णा दबक्या आवाजात म्हणाले, “अगं पाव्हणं हायत.”

पण पाव्हणे उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेले होते. विळी कुठाय म्हणून विचारत होते. वीस वर्षांत त्या माणसाला आमची विळी कुठं असते ते ठाऊक नव्हतं. वन्संनी फळीकडे बोट दाखवलं आणि तोंड फिरवून फोडणीकडे बघत राहिल्या. मग विळीचा आवाज सुरू झाला. आवाजावरूनच कळत होतं की माणूस खोबरं पाठीपर्यंत खरवडतोय, चटणी काळसर होणार.

अण्णा बराच वेळ तो आवाज ऐकत बसले. त्यांचे डोळे अधू होते, कान नव्हते, आणि काल पूजेच्या वेळी ते खिडकीशीच होते. त्यांनी खिशातून औषधाची बाटली काढली. ते थेंब रोज मी घालत असे. मी पुढं झाले, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं.

“सुधाकर,” त्यांनी आत हाक मारली. “हात मोकळं झालं की जरा हिकडं ये. तेवढं माझ्या डोळ्यांत औषध घाल.”

विळीचा आवाज थांबला. सुधाकरराव बाहेर आले, ओल्या हातांना खोबऱ्याचा कीस चिकटलेला. ते परत वळले, साबणानं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग अण्णांच्या समोर ओसरीवर मांडी घालून बसले आणि बाटली घेतली.

“कुठल्या डोळ्यात?”

“दोन्ही,” अण्णा म्हणाले, आणि मान मागं टाकली.